दौंडच्या आत्याचा वाटा

आमच्या दौंडच्या आत्याच्या घरी पैशाला कुलूप नव्हतं. स्वयंपाकघरातल्या फळीवर, हळदीच्या आणि मोहरीच्या डब्यांच्या ओळीत एक स्टीलचा डबा असायचा आणि त्यात घरखर्चाचे पैसे. घरातल्या कुणीही उठावं, हात घालावा, लागतील तेवढे घ्यावेत. अट एकच. कशाला घेतोय ते मोठ्यानं बोलायचं, मग ऐकायला कुणी असो नसो. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, रेल्वेत गँगमन होते. ते डब्यात हात घालून म्हणायचे, “तंबाखूला घेतो गं.” मग थोडा वेळ तसेच उभे राहायचे आणि पुष्कळदा नोट परत टाकून मुकाट्यानं चपला घालायचे. आत्या शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणायची, “मी काय बोलले का? तुमचं तुम्हीच ऐकलं.”

मला सुरुवातीला हा प्रकार जाचक वाटला. ‘भेळेला घेते’ म्हणताना जीभ अडखळायची. आत्याची भेळेला ना नव्हतीच. “भेळंला घे की, माझ्यासाठी बी आण. पर भेळंला घेतीस ह्ये तुला ठावं पायजे. न बोलता गेलेला पैसा कुठं गेला ते कळत न्हाई, मग माणूस दुसऱ्यावर आळ घेतं.”

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. वडिलांना सगळं गाव तात्या म्हणतं, मी आणि माझा भाऊही तात्याच म्हणतो. आमचं गाव शिरूर तालुक्यात, सणसवाडीपासून हाकेच्या अंतरावर. आत्या लग्न होऊन दौंडला गेली आणि दौंडचीच झाली. तिला मूलबाळ नव्हतं. मी बारावी झाले तेव्हा गावात माझ्या लग्नाची बोलणी सुरू झाली होती. आत्या आली, तात्यांना म्हणाली, “हिला माझ्याकडं दे, कॉलेजला घालती,” आणि माझी पिशवी उचलून एसटीत बसली. आमच्या घराण्यात पदवी घेतलेलं पहिलं माणूस मी. हे मी लाजत सांगत नाही. त्या पदवीवर माझ्या नावाखाली आत्याचंही नाव छापायला हवं होतं, असं मात्र मला वाटतं.

आत्या साधूबिधू अजिबात नव्हती. ब्लाउज शिवायची, फॉल-पिको करायची, आणि शिलाईचा एक रुपया सोडायची नाही. पलीकडच्या गल्लीतली एक बाई नेहमी ब्लाउज घेऊन जाताना “पुढच्या टायमाला देते” म्हणायची. एकदा लाडानं म्हणाली, “आक्का, सगळं दौंड म्हणतं, तुम्हाला पैशाची हाव नाही.” आत्यानं ब्लाउज हातातून न सोडता सांगितलं, “हाव न्हाई बाई, शिलाई हाय.” बाईनं पदराची गाठ सोडली. मी आत खोलीत तोंडावर उशी दाबून हसत होते.

दुसऱ्या वर्षाला असताना परीक्षा फीसाठी दिलेली पाचशेची नोट माझ्याकडून स्टँडवर पडली. मी शोध शोध शोधली, रडत घरी आले, जेवले नाही. आत्यानं दुसरी नोट काढून दिली आणि ताट वाढलं. तरी माझं मुसमुसणं चालूच. मग ती म्हणाली, “पाचशे गेले, ते गेले. त्याच्यावर आता जेवान देतीस, दिवस देतीस. हरवलेल्या पैशाला व्याज भरायचं असतंय व्हय गं? त्यो सापडला आसंल त्यानं खाल्लं बी आसंल कायतरी. तू बी खा.” ह्या शिकवणीला कॉलेजात मार्क नव्हते, पण आजवर सगळ्यात जास्त उपयोगी तीच पडली.

मी पास होऊन सणसवाडीच्या एका कंपनीत ऑफिसात लागले, त्याच्या पुढच्याच वर्षी आमच्या जमिनीचा व्यवहार निघाला. हायवेलगतचं आमचं रान गोदामासाठी हवं होतं. भाव असा, की ऐकून आमच्या आईला खाली बसावं लागलं. आजोबा वारल्यावर सातबाऱ्यावर दोन नावं लागली होती, तात्यांचं आणि आत्याचं. अशा वेळी काय करायचं ते आमच्याकडं ठरलेलं असतं. भाऊ भारीतली साडी, खण-नारळ आणि पेढ्यांचा पुडा घेऊन बहिणीच्या घरी जातो. बहीण डोळ्याला पदर लावते, गाडीत बसून शिरूरला जाते आणि हक्कसोडपत्रावर सही करते. सही न करणाऱ्या बहिणीला माहेर राहत नाही. हे कुठं लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना पाठ आहे.

त्या रविवारी मी आत्याकडंच होते. तात्या आले, साडी ठेवली. आत्यानं घडी उलगडून काठ पाहिला.

“लई छान हाय. वैनीनं निवडली दिसती. रंगावरनं कळतंय.”

“आक्का, उद्या शिरूरला जाऊन सही करून टाकू. हक्कसोडाची. नुसती फॉर्म्यालिटी हाय.”

“फॉर्म्यालिटीला येवढी भारी साडी?”

तात्या हसले नाहीत. “तूच म्हणतीस ना कायम, पैशाचा मोह नको?”

“मोह नको म्हणती. वाटा नको असं कवा म्हणले?”

“मन मोठं कर आक्का. सोडून दे.”

आत्यानं साडीची घडी होती तशी घातली. “सोडीन की. पर आधी हातात तर येऊ दे. हातात आलंच न्हाई ते सोडलं कसं म्हणू? तू गावात सांगशील, आक्कानं सोडलं. आन् माझ्या मनाला ठावं आसंल, मी मागायला भ्याले. भ्यालेल्या माणसाला सोडता येत न्हाई रं तात्या. त्याच्या हातनं सुटून जातं.”

“म्हंजी माहेर नको तुला.”

“माहेर बी पायजे,” आत्या म्हणाली. “च्या घे. गार व्हतोय.”

तात्यांनी चहा घेतला नाही. पुढं बरेच दिवस निरोपांची ये-जा झाली, भावकीतले चार शहाणे दौंडला येऊन चहा पिऊन गेले. आत्या सगळ्यांना तेच सांगायची, आवाज न चढवता. शेवटी खरेदीखत झालं आणि अर्धी रक्कम तिच्या खात्यावर आली. शिरूरच्या कचेरीच्या पायऱ्यांवर तात्या तिच्याकडं न बघता म्हणाले, “आजपास्नं मला बहीण न्हाई.” आत्यानं ऐकलं आणि त्यांच्या मागं पायरी उतरताना म्हणाली, “तोल जातोय तुझा, हळू उतर.”

एवढा पैसा आल्यावर बाई आता काय करते, ह्याकडं अर्ध्या दौंडचं लक्ष होतं. तिनं काहीच केलं नाही. वर्षभर हात लावला नाही. “नवा पैसा नव्या बैलावानी. आधी बघावा कसा चालतो, मारका हाय का गरीब हाय. मग जुंपावा.” प्लॉटवाले आले, दामदुपटीच्या स्किमवाले आले. एका देवळाची कमिटी आली. सभामंडपाला देणगी द्या, संगमरवरावर नाव कोरतो म्हणाली. आत्यानं त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि ‘बघती’ एवढंच सांगितलं. ते गेल्यावर मी विचारलं, देणार का? ती म्हणाली, “नाव कोरतो म्हणले तवा छातीत कसं फुगल्यासारखं झालं बघ. म्हंजी ते देवाला न्हाई, मला चाललं व्हतं. फुगलेलं उतरलं तर देईन.” उतरलं असावं, कारण पुढं तिनं त्या देवळाला पाण्याची टाकी दिली. टाकीवर नाव नाही. मामांच्या डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं, मोटरचं शिलाई मशीन घेतलं, शेजारच्या एका मुलीची नर्सिंगची फी भरली. प्रत्येक वेळी ती आधी छातीवर हात ठेवून थोडी थांबायची. बाकीचे बँकेत ठेवले आणि त्यांची आठवणही काढायची नाही.

आणि तात्या? तात्यांनी पैसा उधळला नाही, कर्ज केलं नाही. लोकांसारखी मोठी गाडीही घेतली नाही. त्यांनी दुमजली बंगला बांधला आणि त्याला कॅमेरे लावले. गेटावर, जिन्यात, गोठ्यात, आंब्याच्या झाडावर सुद्धा. कुणाच्या लग्नाला गेले तरी अक्षता एका हातात आणि दुसऱ्या हातात मोबाइल, त्यात घराचं चित्र. पुढं लग्नाला जाणंच बंद केलं. घरात पाहुणा आला की तो का आला असेल ह्याचा विचार चहाच्या आधी सुरू व्हायचा. आई मला म्हणाली, “अगं, रोकड बँकेत हाय, बँक हितं न्हाई, तरी हे राखण करत्यात.”

आत्याला मी हे सांगितलं तेव्हा ती हसेल असं वाटलं होतं. तिनं विचारलं, “तुझ्या मोबाइलात दिसतं का ते? बघू.” मी लावून दिलं. ओट्यावर तात्या एकटे बसले होते. आत्यानं मोबाइल डोळ्याजवळ नेला. “वाळलाय गं.”

पहिली भाऊबीज आली. आत्यानं पाट मांडला, ताट केलं, दुपारपर्यंत वाट पाहिली. कुणी आलं नाही. शेजारणी म्हणाल्या, भाऊ नसला की चंद्राला ओवाळतात, तसं करा. आत्या ताडकन म्हणाली, “भाऊ असताना चंद्राला कशाला ओवाळू?” तिनं निरांजन शांत केलं. त्या दिवशी मी तिला विचारलं, “आत्या, एवढ्या पैशाचं तुला काही वाटत नाही, मग ह्याचं इतकं वाटतं?” ती म्हणाली, “पैशाचं मनाला वाटून घेतलं न्हाई म्हणून तर माणसाचं वाटायला जागा ऱ्हायली.”

दुसरीही भाऊबीज तशीच गेली. तिसऱ्या वेळी तिनं ताट पिशवीत भरलं आणि मला म्हणाली, “चल, स्कूटर काढ. माहेर काय बोलावण्यानं असतंय?” वाटेत ती मला आरशात दिसत होती. एवढ्या वर्षांत मी तिला पहिल्यांदाच पदराचं टोक मुठीत आवळून बसलेली पाहिली. तात्यांनी गेटावरून परत लावलं असतं, तर तिला जायला दुसरं माहेर नव्हतं.

गेट बंद होतं. आम्ही उतरलो तसा कॅमेऱ्यातून आवाज आला. त्यात बोलायची सोय होती.

“कोण हाय?”

“दिसत न्हाई व्हय? येवढं महागाचं बसवलंय,” आत्या वर बघून म्हणाली.

थोडा वेळ नुसती खरखर. मग, “कशाला आलीस?”

“ओवाळायला.” आत्यानं तिथंच पिशवी टेकवली, ताट काढलं, माझ्याकडून काडी ओढून निरांजन लावलं आणि पदराचा आडोसा धरून उभी राहिली. “वारं हाय तात्या. कॅमेऱ्याला ओवाळून जाऊ, का तू भाईर येतोस?”

आत काहीतरी पडल्याचा आवाज आला. तात्या अनवाणीच आले. गेटाचं कुलूप काढताना चारदा चुकीची किल्ली लावली. पाट नव्हता, ते पायरीवरच बसले. आत्यानं टिळा लावला, ओवाळलं. तात्यांनी ओवाळणीसाठी खिसे चाचपले. एका खिशात किल्ल्या, दुसऱ्यात मोबाइल. पैसा सगळा कपाटात नाहीतर बँकेत. ते उठायला लागले तशी आत्यानं खांदा दाबला. “ऱ्हाऊ दे. बसलास, झालं.”

मग तीही पायरीवर बसली. तात्यांनी हळूच विचारलं, “आक्का, तुझ्या पैशाचं काय केलंस?” तिनं सगळं सांगितलं. काय खर्चलं, काय दिलं, किती आहे, कुठल्या बँकेत आहे.

“आन् झोप लागती?”

“लागती. तुला?”

तात्यांनी गेटावरच्या कॅमेऱ्याकडं पाहिलं. आत्याही तिकडंच बघत म्हणाली, “ह्यातला एक काढ. आंब्यावरचा काढ. आठ दिस थांब. चोर येतो का नुसती भीती येती ते नीट बघ. भीतीच आली तर तिला वळखून ठेव. मग दुसरा काढ.”

तात्यांनी आंब्यावरचा काढला. मग गोठ्यातला. गेटावरचा एक ठेवला, आत्या म्हणाली, “असू दे, त्याच्यावर आपली वळख हाय.” त्यानंतर ते दर महिन्याला दौंडला जायला लागले. कधी भाजी, कधी गूळ घेऊन, मोबाइल बहुतेक वेळा घरी विसरून.

मागच्या उन्हाळ्यात आत्या गेली. दुपारी जेवून आडवी झाली, ती उठली नाही. तिच्यामागं कुणाला कपाटं उचकावी लागली नाहीत, कुणावर संशय घ्यावा लागला नाही. काय कुणाला ते तिनं सगळ्यांसमक्ष कधीच सांगून ठेवलं होतं. भीमेच्या काठावर दहाव्याला तात्या मामांच्या खांद्याला धरून उभे होते. मला म्हणाले, “माझी बहीण तीन वर्सं मीच घालवली. आक्कानं परत आणून दिली.”

यंदा तात्यांनी आपल्या वाट्याच्या राहिलेल्या रानाची वाटणी करायची ठरवली. मला फोन आला, “शिरूरला ये, सही लागंल.” मी रजा टाकून गेले. माझा भाऊ आधीच आला होता. कचेरीत आमचा नंबर आला तेव्हा तिथल्या माणसानं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि सवयीनं विचारलं, “ताईंचं हक्कसोड ना?”

मी तोंड उघडायच्या आत तात्या म्हणाले, “न्हाई. वाटा घ्यायला आलीया. मुलगी हाय माझी.”

आवाज जरा मोठाच लागला होता. पलीकडच्या बाकावर डोक्यावरून पदर घेतलेल्या दोघी बहिणी बसल्या होत्या, मधे नव्या साडीची पिशवी. दोघींनी माना वर केल्या. मी सही केली, पेनाचं टोपण लावलं. त्यांच्यातली धाकटी माझ्याकडं बघत हळूच म्हणाली, “ताई, असं बी असतंय व्हय?”

मी ती पिशवी उचलून बाजूला ठेवली आणि त्या दोघींच्या मधे बसले.