भाऊच्या नावानं मारलेली फुंक

चंपतराव माहा मोठा भाऊ. भैंसा गावच्या जिनिंगमदी मशिनीत कापूस टाकाचं काम करे. सोळा साल केलं. बिडी नाही, तंबाखू नाही. सांजच्याला गुळाचा खडा खाये, गुळानं नरड्यातला कापूस खाली जाते म्हने. तिथं सगळेच खात.

सुट्टी झाली का दुसऱ्या दिवशी कामावर त्याची छाती आवळे. दोन-तीन दिवसानं बरं वाटे. म्हून तो म्हने, काम केलं का मानूस बरा राह्यते, घरी बसलं का बिघडते.

सत्त्याऐंशी साली हैदराबादहून छाती तपासाले डॉक्टर आला. कामगाराईनं नळीत फुंक माराची, काटा किती चढला ते कार्डावर लिवाचं. आदल्या दिवशी भाऊ माह्याकडं आला. मी शेती करतो, छाती दमदार.

"डोमाजी, उद्या माह्या जागी तू जाय."

"काऊन? फाशी देऊन राह्यले का?"

"काटा खाली राह्यला तं काढून टाकतीन मले. सगळे तसंच म्हनून राह्यले."

गेलो मी. भाऊचा सदरा घातला, डोक्याले फडकं बांधलं. नाव इचारलं, चंपतराव सांगतलं. जोरात फुंकलो. डॉक्टर हसला, "अरे वा पहलवान! क्या खाते हो?"

रांगेत भाऊच्या जोडीचा महिपत होता. त्याले सारं मालूम. तो मांगून म्हने, "साब, इसको शंख देव, आरतीले कामी येईन."

कार्डावर लिवलं, छाती चांगली.

पंधरा दिवसानं कळलं, ज्याचा काटा खाली होता त्यातल्या कोनालेबी काढलं नाही. कापसाच्या धुळीतून उचलून बाहेर काम देलं. महिपत फाटकावर बसाले लागला. भाऊ मशिनीवरच.

मी म्हनलो, "जाऊन खरं सांगतो."

"आता सांगून काय? दोघंबी चोर ठरू. पुढच्या साली येईन ना डॉक्टर, तवा मी सोताच फुंकतो."

पुढच्या साली डॉक्टर आला नाही. त्याच्या पुढच्या सालीबी नाही.

एक्क्याण्णवमदी भाऊनं काम सोडलं. आंगनातून घरात येताना दोनदा बसे. चौऱ्याण्णवच्या पोळ्याआधी गेला. वय शेहेचाळीस.

तेरवीच्या दिवशी मी देवकावहिनीले हे सारं सांगतलं. ती कनिक मळत होती. हात थांबला नाही तिचा.

"मालूम हाय भाऊजी. तुमाले पाठवा म्हून मीच म्हनली होती त्याहीले."

बाहेरून पंगत बसवाले हाक आली, तं मी पत्रावळी घेऊन गेलो.