दादाला सांगितलेलं सेटिंग

नव्वदीच्या दशकाच्या मधल्या वर्षांत आम्ही सानपाड्याला राहायला आलो, आई, दादा आणि मी. दादा तुर्भ्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता, मी बेलापूरला एका ऑफिसात. दोघांच्या पगारातून आम्ही एक जुनी पांढरी गाडी घेतली; एरवी दादा ती कारखान्यात न्यायचा. गाडी चालवायला मला दादानेच शिकवलं. पण वर्षभरात मी त्याच्यापेक्षा चांगली चालवू लागले, आणि हे तोच चारचौघांत सांगायचा. आमच्या घरात ड्रायव्हर ही, मी नुसता बाजूला बसतो, असं म्हणायचा. ते ऐकलं की मला फार बरं वाटायचं.

रॅलीची कल्पनाही त्याचीच. एक क्लब दर हिवाळ्यात दिवसभराची कार रॅली भरवायचा. पनवेलच्या पुढच्या गावांमधल्या कच्च्या रस्त्यांवरून फिरून गाड्या वाशीच्या मैदानात परत यायच्या. मी गाडी चालवायची आणि त्याने नकाशा घेऊन रस्ता सांगायचा, असं आमचं ठरलं.

अडचण गाडीची होती. खड्ड्यातून गेली की ती कितीतरी वेळ डोलत राहायची आणि मोठ्या दगडावर पोट घासायची. दादाच्या कारखान्यातला एक मित्र सुट्टीत दुबईला भावाकडे गेला होता. येताना त्याने आमच्यासाठी खड्ड्यांचे धक्के झेलणारे, कडकपणा कमी-जास्त करता येणारे शॉकअप आणले. प्रत्येकाला खाली एक बटण होतं. ते फिरवलं की टक् असा आवाज व्हायचा आणि शॉकअप थोडा आणखी कडक व्हायचा. मूळच्यापेक्षा उंच आणि जाड स्प्रिंगा मुंबईतल्या एका दुकानात मिळाल्या. तुर्भ्याच्या गॅरेजमध्ये सगळं बसवून घेतलं, तेव्हा गाडी अशी उंच दिसायला लागली की सोसायटीतले लोक थांबून बघायचे.

चालवायला मात्र ती भयंकर झाली होती. गॅरेजवाल्याने चारही शॉकअप पूर्ण कडक करून दिले होते. बारीक खड्ड्यातही दातावर दात आपटायचे आणि वळणावर मागची चाकं उडून बाजूला सरकायची. दादा म्हणाला की रॅलीची गाडी अशीच असते. मला ते पटेना.

मग पुढचे कितीतरी रविवार मी तेच करत होते. सीवूड्सच्या मागे तेव्हा नुसते रस्ते आखलेले होते, इमारती यायच्या होत्या. तिथे मुरुमाच्या एका पट्ट्यावर मी एकाच वेगाने गाडी न्यायची, उतरून एखादं बटण फिरवायची, पुन्हा न्यायची. दादा कडेला उकिडवा बसून चाकं कशी हलतात ते बघायचा आणि मला सांगायचा. पुढचे दोन मऊ ठेवले आणि मागचे किंचित कडक, तर गाडी खड्ड्यात दबून एकदाच वर यायची आणि तिथेच शांत व्हायची. हे मला ज्या दिवशी सापडलं त्या दिवशी आम्ही दोघं धुळीने माखलेल्या अंगाने घरी आलो आणि आईची बोलणी खाल्ली. एवढी खूश मी नोकरी लागली तेव्हाही नव्हते.

रॅली जवळ आली तेव्हा दादा म्हणाला की परवानगी मिळाली नाही, पुढे ढकलली आहे. मी हिरमुसले, पण त्याच्यावर विश्वास होता. त्यानंतर एका संध्याकाळी चहा पिताना त्याने सहज विचारलं, "कच्च्या रस्त्याला आपण मागचे किती ठेवले होते गं?" मी सांगितलं. पाऊस पडून गेलेला असेल तर किती ठेवायचे, तेही सांगितलं. ते तर त्याने विचारलंही नव्हतं.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी दूध आणायला खाली उतरले तर गाडी जागेवर नव्हती. तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "तू इथेच कशी? तुझा दादा गेला की उजाडायच्या आत, गाडीच्या दारावर नंबर चिकटवून. मला वाटलं तूपण आहेस."

आई कणीक मळत होती. मी विचारलं तर तिचे हात थांबले नाहीत. डोंबिवलीचं एक स्थळ बघायला येणार होतं. मुलगी शर्यतीत गाडी पळवते हे त्यांच्या कानावर गेलं तर काय, म्हणून दादाने मला न्यायचं नाही असं ठरलं, एवढंच ती म्हणाली. मला वाटलं, आईने त्याला अडवलं असेल. त्याचा तरी काय इलाज.

दुपारी रिक्षाने वाशीच्या मैदानात गेले. गाड्या एकेक करून येत होत्या. आमची आली. मैदानाच्या तोंडाशी मातीचा उंचवटा होता, त्यावरून ती दबून एकदाच वर आली आणि शांत झाली. दादा चालवत होता. शेजारी दुबईहून शॉकअप आणणारा त्याचा मित्र. त्याला काहीच माहीत नव्हतं. मोकळेपणाने म्हणाला की गाडी काय मस्त बसते, ड्यूटी सुटल्यावर दोन महिने रोज प्रॅक्टिस करतोय आम्ही.

दोन महिन्यांपूर्वी डोंबिवलीच्या स्थळाचं नावही घरात निघालं नव्हतं.

दादा हेल्मेट काढून उभा होता. मी विचारलं, "आईला हे तूच सुचवलंस ना?"

त्याने हेल्मेट बॉनेटवर ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाला, "तू चालवली असतीस तर सगळे म्हणाले असते, हा बहिणीच्या बाजूला बसून आला."

मी रिक्षा करून घरी आले.

त्यांचा त्यांच्या गटात दुसरा नंबर आला. आईने कप टीव्हीवर ठेवला आणि शेजारी पेढे वाटले. डोंबिवलीचे लोक येऊन पोहे खाऊन गेले. त्यांच्याकडून होकार आला, मी नाही म्हटलं. आई महिनाभर नीट बोलली नाही, आणि त्या काळात दादा माझ्या बाजूने तिच्याशी भांडला. त्याचंही मला काही वाटलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात मी ऑफिसातल्या मैत्रिणीला शेजारी बसवून रॅलीला गेले. दादाने स्वतःहून किल्ली दिली. कर्जतच्या अलीकडे आम्ही रस्ता चुकलो आणि सगळ्यांच्या शेवटी पोहोचलो. मैत्रीण हसत होती, मीही हसले.

दादाशी माझं भांडण असं कधी झालं नाही. दिवाळीला त्याच्याकडे जाते, भाऊबीज करते. फक्त त्याने सहज म्हणून काही विचारलं की उत्तर देण्याआधी मी थोडी थांबते, आणि ते त्याच्या लक्षात येतं.