हुकुमदाराचं घर

फौजेच्या ट्रेनिंग सेंटरला निघायच्या आदल्या दिवशी, दुपारी दोन वाजता, बानं मला आणि सहदेवला अंगणात उभं केलं. बा म्हणजे माझा बाप. जन्मभर दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचला, ज्वारी कापली. सहदेव माझा चुलतभाऊ. काका-काकू लवकर गेले, म्हणून तो आमच्याच घरात, माझ्याच ताटात वाढला. माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण खायला माझ्या दुप्पट.

बानं दाराशेजारची मोकळी जागा पायानं दाखवली.

"इथं दगड बसवाचा हाय. तू नोकरी करून ये. मंग त्याच्यावर लिवू, हुकुमदार धोंडनाक, पन्नास शिपायाइवरचा अफसर."

धोंडनाक माझा खापरपणजा. इंग्रजांच्या काळात निजामाच्या मुलखातल्या कुठल्याशा छावणीत तो पलटणीत होता, एवढं पक्कं. पेन्शन घेऊन मावला गावापलीकडं आमच्या गावी आला. येताना त्यानं एक शब्द आणला आणि त्या शब्दामुळं आमच्या झोपडीवजा घराला सगळं गाव हुकुमदाराचं घर म्हणू लागलं. पटवाऱ्याच्या कागदातसुद्धा तेच नाव चढलं.

घरचा रिवाज असा होता. दिवेलागणीला बाहेरून कोणी आलं की घरातला कर्ता माणूस आतून गरजायचा, "हुकुमदार!" बाहेरच्यानं म्हणायचं, "घरचाच!" मग आतून विचारणा व्हायची, "कितीजण?" आकडा सांगितला की कडी निघायची. मी आणि सहदेव सगळीकडं जोडीनं हिंडायचो, त्यामुळं आमचा आकडा ठरलेला होता, "दोघं!" धोंडनाक आपला हुद्दा सांगून दरडावायचा, 'मी हुकुमदार, तू कोण?', असा त्याचा अर्थ बा सांगायचा. एकदा सहदेवनं मस्तीत "चोर!" म्हणून उत्तर दिलं. बा खरंच काठी घेऊन बाहेर आला आणि सहदेवला मावल्याच्या रस्त्यापर्यंत पळवत नेलं.

हसायची गोष्ट होती, पण आम्ही फार हसायचो नाही. दिवसभर वाकलेला माझा बाप तो एक शब्द म्हणताना ताठ व्हायचा.

दुसऱ्या दिवशी बसनं बेल्लमपल्लीला गेलो. तिथून गाडी होती. सहदेव सोडायला आला होता. माझ्यासाठी बांधून दिलेल्या भाकरींपैकी दोन त्यानं फलाटावरच संपवल्या. गाडी हलली तेव्हा खिडकीला लटकून म्हणाला, "दादा, मी बी येतो मागून. माही जागा धरून ठेव!" जसं काही पलटण म्हणजे बसमधली सीट. पण पठ्ठ्या आलाच. चार वर्षांनी भरती झाला आणि ट्रेनिंग संपवून माझ्याच पलटणीत हजर झाला.

आता त्या शब्दातल्या चुकीची गोष्ट सांगतो. ट्रेनिंगच्या तिसऱ्या आठवड्यात संत्री ड्यूटी शिकवत होते. पहाऱ्यावरच्या जवानानं येणाऱ्याला कसं थांबवायचं, काय विचारायचं. उस्ताद म्हणाले, "आज तुम कहते हो, थम, कौन आता है. अंग्रेज के जमाने में संत्री अंग्रेजी में पूछता था, हू कम्स देअर. अपने जवान की जबान पर वो बैठा नहीं. उसने बना दिया, हुकुमदर." सगळा स्क्वाड हसला. हुकुमदार कोणताच हुद्दा नव्हता. माझा खापरपणजा अफसर नव्हता. साधा शिपाई होता. फाटकावर उभा राहून 'कोण येतंय?' एवढं विचारायचा.

हे मी फक्त सहदेवला सांगितलं, तो पलटणीत आला तेव्हा. आधी तो पोट धरधरून हसला. मग म्हणाला,

"बाले सांगू नको, दादा. म्हातारा झुरंल."

"आन् दगड?"

"दगडाचं पाहू मंग."

सुट्टीवर गेलो की बा दगडाचा विषय काढायचा आणि आम्ही दोघं एकमेकांकडं बघत टाळायचो. अशी बरीच वर्षं गेली.

नव्वद साल उलटून गेल्यावर आमची पलटण उत्तरेला, बर्फात गेली. ठाण्याचं नाव सांगत नाही. मी हवालदार, पोस्ट कमांडर. माझ्या हाताखाली दहा जण, त्यांत नायक सहदेव. रोजचं काम साधं होतं. पाच वाजता स्टँड-टू, म्हणजे सगळे हत्यारं घेऊन आपापल्या जागी. मग स्टोव्हवर बर्फ वितळवून चहा. नऊ वाजता पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, बाहेर, एक वाजता परत. सहदेव ड्यूटीवरून बंकरमध्ये आला की मी आतून हळूच विचारायचो, "हुकुमदार?" तो म्हणायचा, "घरचाच. जेवायले काय हाय?" बाकीच्यांना वाटायचं, दोघांचं डोकं फिरलंय.

त्या दिवशी ०९:०० ला सहदेव तीन जवान घेऊन पेट्रोलवर गेला. ११:३० ला हवा बिघडली. १२:०० ला रेडिओवर कंपनीचा निरोप आला.

"समोरच्या नाल्यात हालचाल दिसली आहे. आपली नाही. पासवर्ड आत्तापासून बदला. गुलाब रद्द. नवा चंदन. ओव्हर."

"पेट्रोल बाहेर आहे. त्यांचा सेट बोलत नाही. ओव्हर."

"प्रयत्न चालू ठेवा. चंदनशिवाय कोणी आत येणार नाही. आउट."

मी चाळीस मिनिटं सेटवर बोलत राहिलो. खरखर सोडून काही नाही. एक वाजला, दोन वाजले. बर्फ इतकं दाट पडत होतं की आमच्याच मशीनगनच्या नळीचं टोक दिसत नव्हतं.

१४:४० ला संत्री बसप्पा ओरडला, "थम! कौन आता है?" मी त्याच्याजवळ सरपटत गेलो. आवाज नाल्याच्या बाजूनं येत होता. आमचं पेट्रोल त्या बाजूनं कधीच येत नसे. वाऱ्यातून शब्द आला, "...लाब!" रद्द झालेला शब्द, तोही नको त्या दिशेनं. आमचेच असतील, किंवा कोणी आमचा शब्द चोरला असेल. बसप्पाचं बोट ट्रिगरवर होतं. एकोणीस वर्षांचा पोरगा, पण हात स्थिर.

"साब, फायर?"

मी म्हणालो, "रुको." मग छातीत होतं नव्हतं तेवढं बळ काढून मराठीत ओरडलो.

"हुकुमदार!"

वारा. मग अगदी बारीक आवाज.

"घरचाच!"

मी रिवाज पुरा केला. "कितीजण?"

"तिघं! एक मांगं हाय!"

बसप्पाला एक अक्षर कळलं नव्हतं. मी त्याची नळी हातानं खाली दाबली.

सहदेव दोघांना दोराला बांधून आत घेऊन आला. भुवयांवर बर्फाचा थर. नेहमीचा रस्ता बुजला म्हणून ते नाल्यातून वर चढले होते. चौथा जवान, मोहन, पाय मोडून खडकाच्या आडोशाला पडला होता. सहदेव अर्धा मग चहा प्याला आणि उठला.

मी म्हणालो, "तू बस. दुसरा जाईल."

"जागा मलेच म्हाईत हाय, दादा."

खरं होतं. मोहन तासभरही टिकला नसता. पोस्ट कमांडर म्हणून दुसरा हुकूम माझ्याजवळ नव्हता. मी म्हणालो, "जाय." बसप्पा त्याच्याबरोबर गेला. १५:१० झाले होते.

१६:२५ ला बसप्पा मोहनला पाठीवर घेऊन आला. एकटा. शेवटच्या चढावर सहदेव मागून मोहनला वर ढकलत होता. बसप्पाचे पाय सपाटीला लागले आणि सहदेवच्या खालचं बर्फ सरकलं. आम्ही दोर बांधून उतरलो, फावड्यांनी उकरलं. मी हाका मारत होतो. हुकुमदार! हुकुमदार! उत्तर आलं नाही. माझा घसा बसला, मग बसप्पानं तोच शब्द ओरडायला घेतला. अर्थ त्याला माहीत नव्हता.

सहाव्या दिवशी सहदेव सापडला.

अस्थी घेऊन मी गावी आलो. गावातल्या गुरुजींनी त्रिशरण म्हटलं. बा रडला नाही. मी आल्याच्या चौथ्या दिवशी त्यानं निर्मलहून लिंगन्नाला बोलावलं. त्याच्या घरचे लाकडी खेळणी करत, हा दगडावर अक्षरं कोरायचा. त्याला मराठी वाचता येत नव्हतं. कोळशानं लिहून द्यायचं, तो हुबेहूब कोरणार.

"पेरु काय टाकू?" लिंगन्नानं विचारलं. तेलुगूत पेरु म्हणजे नाव.

बानं कोळसा माझ्या हातात दिला. "लिव. हुकुमदार धोंडनाक, पन्नास शिपायाइवरचा अफसर. त्याच्या खाली आपला सहदेव."

माझा हात उठेना. त्या पोराच्या नावाच्या वर खोटं कसं लिहू? मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. उस्तादांचं, बसप्पाचं, नाल्यातून आलेल्या उत्तराचं.

बानं विचारलं,

"म्हंजे धोंडनाक फाटकावर उभा ऱ्हायचा?"

"हाव, बा."

"तुले कवापासून म्हाईत?"

"भरती झालो तवापासून."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"सहदेव म्हने, बाले सांगू नको, म्हातारा झुरंल."

"झुरंल म्हने!" बा हसला. "गधड्याचा! माह्याच घरचं खाऊन मलेच म्हातारा म्हनून राह्यला व्हता!" आणि हसता हसताच त्याचा बांध फुटला. मी त्याला धरून बसलो. लिंगन्ना उठून विहिरीकडं गेला.

डोळे पुसून बा म्हणाला, "त्या शब्दानं तिघं घरात आले. मंग मोहनले बी आनलं. अफसरानं याच्याहून काय जास्त केलं असतं? सोडून दे ते. खरं लिव."

दगड आजही दाराशेजारी आहे. त्यावर एवढंच आहे: शिपाई धोंडनाक. नायक सहदेव. दोघेही पहाऱ्यावर होते.

काही वर्षांनी मी पेन्शनवर आलो. बसनं मावल्याला उतरलो, ट्रंक डोक्यावर घेऊन चालत घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. बाची नजर गेली होती, कान शाबूत होते. दगडाजवळ माझी पावलं थांबली.

"हुकुमदार!" आतून आवाज आला.

"घरचाच."

"कितीजण?"

मी दगडावर हात ठेवला.

"दोघं."

"या," बा म्हणाला, आणि कडी काढली.