कालव्यावर बंद होणारी गाडी

सावळाराम घरी आला हे निरवांगीत गाडीच्या आवाजावरून कळायचं नाही, आवाज थांबल्यावरून कळायचं. बारामतीकडून येताना गावाच्या वरच्या अंगाला कालव्याचा पूल लागतो. तिथून गावापर्यंत पाऊण किलोमीटर सरळ उतार. गाडी पुलाच्या माथ्यावर आली की सावळाराम गिअर काढून किल्ली एक घर मागं फिरवायचा. इंजिन गप. मग गाडी नुसत्या आपल्या वजनावर, उसाच्या कडंनं, शाळेपुढनं, चाकांची सरसर तेवढी करत त्याच्या दारातल्या लिंबाखाली येऊन उभी राहायची. पुढचं चाक लिंबाच्या मुळीला टेकलं की झालं. इकडं त्याची बायको शकुबाई कालव्यावरचा आवाज तुटला की चुलीवर चहा ठेवायची. गाडी लिंबाला टेकायला आणि चहाला उकळी यायला एकच गाठ पडायची. बावीस वर्षं हे असंच चाललेलं.

ही विद्या गेणूआबाची. गेणूआबा कारखान्यावर ट्रक चालवून म्हातारा झालेला माणूस. सावळाराम ड्रायव्हरकी त्याच्या हाताखाली शिकला. आबा गाडी शिकवायचा कमी आणि शिव्या द्यायचा जास्त. पण एक गोष्ट त्यानं डोक्यात टपली मारमारून बसवली होती. "पोचलास न्हवं? मग किल्ली बंद कर. उभ्या गाडीत इंजान धडधडत ठिवणारा ड्रायव्हर न्हवं, त्यो डिझेल पिणारा रेडा हाय." आबा जाऊन पंधरा वर्षं झाली, पण सावळारामाचा हात अजून ती टपली विसरला नव्हता. बाजाराच्या गेटात रांग लागली, किल्ली बंद. फाटक पडलं, किल्ली बंद. कुणी रस्त्यात हात केला तर राम राम म्हणायच्या आधी किल्ली बंद. आणि कालव्यावर तर बंदच बंद. गावात कुणी पोरगं नवीन गाडी शिकायला लागलं की लोक म्हणायचे, "सावळारामतात्याचं बघ जरा. गाडी कशी पाळावी ते."

काम म्हणजे विजयसिंहरावांचा आणि त्यांच्या भावकीतल्या चार-पाच बागाईतदारांचा माल. टोमॅटो, ढोबळी मिरची, हंगामात पेरू. पहाटे क्रेट भरायचे आणि लिलाव पुकारायच्या आत बारामतीच्या मार्केटात उतरवायचे. जुन्या गाडीत हे काम त्यानं बावीस वर्षं केलं आणि लिलाव एकदाही चुकवला नाही. पूर आला तेव्हा नाही, सोयरं वारलं तेव्हा नाही. एवढी एकच गोष्ट सावळारामाजवळ छाती काढून सांगण्यासारखी होती, आणि ती तो कधी सांगत नव्हता, कारण सगळ्यांना माहीत होती.

मग जुनी गाडी पार खिळखिळी झाली आणि नवी घेतली. पांढरीशुभ्र पिकअप, टर्बोवाली. पहिली मोरगावला नेली, गणपतीपुढं उभी केली, चाकाखाली लिंबू चिरडलं. नव्या गाडीची ओढ बघून सावळाराम पहिले पंधरा दिवस गप्पच होता. साठ क्रेट भरून चढाला लागली तरी गिअर मागायची नाही. फक्त एक खोड त्याला खटकायची. कालव्याच्या उतारावर ही गाडी हाताला फार जड लागायची. स्टिअरिंग दगडासारखं व्हायचं, ब्रेक दाबावा तर पायच मागं ढकलायचा. "नव्या गाड्यांत पत्रा पातळ आन् स्टेरिंग जड," असं म्हणून त्यानं ते सोडून दिलं.

अकरा हजार किलोमीटरला पहिला घोटाळा झाला. भरल्या गाडीची ओढ एकाएकी गेली. बोनेटखालून शिट्टी वाजायला लागली आणि मागं निळा धूर असा की मागच्या एसटीवाल्यानं खिडकीतनं डोकं काढून आईबाप काढले. बारामतीच्या सर्व्हिस सेंटरवाल्यांनी बघितलं. टर्बो गेलाय म्हणाले. नवा मागवला, आठ दिवस लागले, बसवून दिला. वॉरंटी होती, कुणी काही विचारलं नाही, यानं काही सांगितलं नाही.

अठरा हजाराला दुसरा गेला. त्या दिवशी विजयसिंहरावांची ढोबळी मिरची उन्हात साडेतीन तास रस्त्याच्या कडेला उभी राहिली. मार्केटात पोचली तेव्हा लिलाव होऊन झाडलोट चालली होती. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

आणि चोवीस हजाराला तिसरा गेला तो एकटा गेला नाही. त्याची दांडी तुटली, पात्याचे तुकडे इंजिनात गेले. आख्खं इंजिन उतरवून टेबलावर मांडलं. सावळाराम ते बघायला गेला तेव्हा आपल्या नव्या गाडीची आतडी बाहेर काढलेली बघून त्याला रागही आला नाही. नुसतं बसावंसं वाटलं. तिथं एका फुटक्या टायरवर तो बसला आणि तासभर बसूनच राहिला. रोज एसटीनं बारामतीला जायचं, "उद्या या" ऐकायचं, रोज एसटीनं परत यायचं, असे तेवीस दिवस गेले. माल आता वरकुट्याच्या बिरदेवच्या गाडीनं जात होता.

पारावर बसणाऱ्यांना एवढं पुरेसं होतं.

"तात्या, गाडी घेतली का सासुरवाशीण? सारखी म्हायेराला!"

"आरं, म्हायेराला न्हाय, दवाखान्यात. तात्या डबा घिऊन जात्यात रोजच्याला."

सावळाराम ऐकून पुढं जायचा. उत्तर द्यायलाही अंगात त्राण लागतं.

विजयसिंहराव हसले नाहीत. ते वयानं लहान, पण शब्दाचे पक्के. त्यांनी पॅकिंगच्या शेडवर बोलावून सरळ सांगितलं. "तात्या, ह्या गाडीत मी आता माल भरणार न्हाय. कंपनीकडनं बदलून घ्या. दुसरी गाडी आली तर काम तुमचं, न्हायतर बिरदेवचं. आणि त्ये सरळ बदलून देत नसतील तर रईवारी माझी खिलारी बैलं घ्या. गाडीला जुपू, हलगी लावू आन् वढत न्हिऊ शोरूमच्या दारात. सगळी बारामती बघू दे."

ही कल्पना गावाला गाडीपेक्षा जास्त आवडली. हलगीवाले ठरले. बैलांच्या शिंगांना रंग लावायचं ठरलं. गाडीच्या काचेवर काय लिहायचं यावर दोन गट पडले. सावळारामाला त्या मिरवणुकीत काही रस नव्हता. पण काम परत मिळायचा तेवढा एकच रस्ता दिसत होता, म्हणून तो बरं म्हणाला.

शुक्रवारी गाडी तयार झाल्याचा फोन आला. घ्यायला गेला तर किल्ली हातात द्यायच्या आधी तिथली इंजिनिअर मुलगी पुढं आली. स्वरूपा तिचं नाव, माळेगावची, हाताला ऑइल लागलेलं.

"काका, मी तुमच्याबरोबर येते. निरवांगीपर्यंत."

"कशाला?"

"तीन टर्बो गेले. एवढ्यात असे जात नाहीत. तुम्ही गाडी कशी चालवता ते मला बघायचंय."

सावळारामाच्या कपाळावरची शीर उडाली. "पोरी, तुज्या जल्माच्या आदीपास्नं चालवतुय मी गाडी. म्हंजी दोष माजा व्हय?"

"तसं मी कुठं म्हणाले? बघायचंय म्हणाले."

परतीला खताची पोती भरायची होतीच. ती भरली आणि निघाले. वाटेत स्वरूपा मीटरच्या काट्याकडं बघत होती, गिअर कधी टाकतो ते ऐकत होती. सावळारामानं मुद्दाम गाडी अशी चालवली की पेला भरून ठेवला असता तर सांडला नसता. मधे एकदा तिनं वहीत काही लिहिलं आणि म्हणाली, "काका, हात फार चांगला आहे तुमचा." त्याची शीर खाली बसली.

कालव्याचा चढ भरल्या गाडीनं एका दमात काढला. माथ्यावर आली, आणि सावळारामाचा हात, त्याला न विचारता, किल्लीवर गेला.

इंजिन गप झालं. गाडी उताराला लागली.

"काका! काय झालं? बंद पडली?"

"पडल कशी? मी केली."

"का?"

"उतार हाय की. आता घरापातूर आपसूक जाती."

स्वरूपानं दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला. "काका, इंजिन बंद म्हणजे ब्रेकची आणि स्टिअरिंगची पॉवर बंद! आई गं... मागं पोती आहेत की!"

"काय हुत न्हाय. बावीस वर्सं..."

शाळा गेली, पार गेला, पारावरच्यांनी नेहमीसारखे हात केले. चाक लिंबाच्या मुळीला टेकलं. शकुबाई चहाचं भांडं उतरवून बाहेर आली आणि बघते तर एक पोरगी पांढरीफटक पडलेली, दार उघडून खाली उतरत नाहीये, नुसतीच बसलीये.

"आवो, ही कोण? आन् हिला काय झालं?"

स्वरूपानं आधी पाणी घेतलं, मग चहा घेतला. मग म्हणाली, "काका, रोज अशीच बंद करता?"

"रोज. मार्केटातबी. पोचलो की किल्ली बंद. आमच्या वस्तादाची शिकवन हाय."

"जुन्या गाडीला टर्बो होता?"

"न्हवता."

ती चुलीपाशी गेली. तव्यावर थोडं तेल टाकायला सांगितलं. तेल तापून धुरायला लागलं, जळलं, तव्याला काळी खपली धरली. "बघा. टर्बो म्हणजे आत एक भिंगरी असते. एका मिनिटात लाखाच्या वर फेरे घेते, आणि चढ काढून आली की लालबुंद तापलेली असते. तिला तेल कोण देतं? इंजिन. तुम्ही माथ्यावर किल्ली बंद केली की इंजिन थांबलं, तेल थांबलं, पण भिंगरी फिरतेच आहे. कोरडी. आणि जे तेल आत राहिलं त्याची ही अशी खपली. रोज थोडी. मार्केटात थोडी, फाटकात थोडी, इथं सगळ्यात जास्त. पोचल्यावर दोन मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवलं असतं तर पहिलाच टर्बो अजून चालू असता."

सावळाराम तव्याकडं बघत राहिला.

"आमचंही चुकलं," स्वरूपा म्हणाली. "पहिल्याच वेळी कुणीतरी विचारायला पाहिजे होतं. झालेल्या कामाचं तुमच्याकडं कुणी काही मागायचं नाही. पण गाडी बदलून मिळायची नाही, काका. मी जे बघितलं तेच लिहिणार."

ती पाचच्या एसटीनं गेली. शकुबाईनं तवा राखेनं घासायला घेतला. "मग आता रईवारचं काय? हलगीवाल्यांना सांगावा गेलाय."

सावळाराम लिंबाखाली बसून होता. गप राहिलं तर चालण्यासारखं होतं. तव्यावरचं तेल त्यानं आणि शकुबाईनं बघितलं होतं, दुसऱ्या कुणी नाही. रविवारी बैल जुंपायचे, हलगी वाजवायची. कंपनी गर्दीला भिऊन एखाद्या वेळेस देईलही दुसरी. काम परत येईल. आणि दुसऱ्या गाडीत तो दोन मिनिटं थांबेल, कुणाला कशाला कळतंय? हे सगळं त्यानं दोनदा मनात घोळवलं. मग त्या पोरीचं "हात फार चांगला आहे" आठवलं आणि त्याला आपल्या हाताचीच किळस आली. उठला, पायताण घातलं, शेडवर गेला.

विजयसिंहराव मिरचीची निवड करत होते.

"राव, बैलं नकोत."

"का? दिली का बदलून?"

"न्हाय. गाडीत खोट न्हाय. खोट माज्यात हाय." आणि त्यानं माथ्यापासून तव्यापर्यंत सगळं सांगितलं. मधे थांबला नाही, कारण थांबला असता तर पुढं बोलता आलं नसतं.

विजयसिंहराव मिरची हातात तशीच धरून ऐकत राहिले. "म्हंजी... आमी सगळ्या गावानं ज्या किल्लीचं कौतुक केलं, त्या किल्लीनंच?"

"व्हय."

"माझं पोरगंबी कालव्यावर गाडी बंद करतंय, तात्या. तुमचं बघून."

"त्येला सांगा आजच."

शेडमधल्या बाया हातातलं काम थांबवून ऐकत होत्या, हे दोघांनाही माहीत होतं.

"मी दुसरी गाडी आली तर म्हनलो हुतो," विजयसिंहराव शेवटी म्हणाले. "आता दुसरी तर येत न्हाय. आठ दिस अर्धा माल तुमी न्या, अर्धा बिरदेव. त्यो तुमच्या मागनं येईल. वाटंत उभं ऱ्हायलात तर त्यो क्रेट उचलंल आन् मंग इषय संपला."

रविवारी हलगी वाजली नाही म्हणून पारावरचे नाराज झाले. काय झालं ते कळल्यावर तर त्यांना दोन महिने पुरेल एवढं मिळालं. "तात्या, दोन मिन्टं झाली का?" असं लहान पोरंसुद्धा विचारायला लागली.

मार्केटात जास्त कठीण होतं. गाडी गेटात लागायची, हमाल गाडीचं मागचं फळकं पाडायला धावायचे आणि सावळाराम इंजिन चालू ठेवून आत बसून. "ओ तात्या, झोपलासा का? बंद करा की, धूर तोंडात जातुय!" पहिल्या तीन दिवसांत हात दोनदा चुकून किल्लीवर गेला. चौथ्या दिवसापासून त्यानं किल्लीला गोधडीची जाड चिंधी गुंडाळली, म्हणजे बोटांना लागताच आठवावं. दोन मिनिटं एवढी लांब असतात हे त्याला पन्नाशी उलटल्यावर कळलं. काहीच करायचं नाही. नुसतं बसायचं. आणि बसलं की तेवीस दिवसांचा शीण एकदम अंगावर यायचा.

आठव्या दिवशी तो परत येताना कालव्याच्या माथ्यावर आला. हात स्टिअरिंगवरच राहिला. गाडी आवाज करत उताराला लागली, शाळेपुढनं गेली, पारापुढनं गेली, लिंबाखाली थांबली. इंजिन चालूच. शकुबाई दारात आली. चहा ठेवलेला नव्हता. आता तिला कशावरून कळणार?

"आलाय तर उतरा की खाली!"

"थांब जरा. गरम हाय."

फोन वाजला. विजयसिंहराव.

"तात्या, उद्या समदे साठ क्रेट हायती. किती वाजता येतासा?"

बिरदेवचं नाव त्यांनी घेतलं नाही. यानंही विचारलं नाही.

"साडेचारला," सावळाराम म्हणाला.

फोन ठेवला आणि घड्याळात बघितलं. अजून चाळीस सेकंद राहिले होते. त्यानं मान मागं टाकली, डोळे मिटले आणि इंजिनाचा आवाज ऐकत बसून राहिला. शकुबाई थोडा वेळ उभी राहिली, मग आत गेली. आतून चुलीवर भांडं ठेवल्याचा आवाज आला, तेव्हा त्यानं चिंधी चाचपली आणि किल्ली फिरवली.