अण्णाने भरलेला फॉर्म

अमेरिकेतल्या आयसेलिनहून निघाले तेव्हा माझ्याजवळ दोन बॅगा आणि एक प्लास्टिकची फाइल होती, आणि सगळा जीव त्या फायलीत होता. पासपोर्ट, व्हिसा, पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड, कोविडचा ताजा निगेटिव्ह रिपोर्ट आणि केनिया सरकारचा आरोग्य-फॉर्म. बेलव्ह्यूला राहणारा माझा मुलगा समीर फोनवर सारखा सांगत होता, आई, हे सेफ नाहीये, तिकीट कॅन्सल कर. मी म्हटलं, तुझ्या मामाचं दुखणं कॅन्सल करता येतंय का बघ. मी बोलते ती अशीच. सदुसष्ट वर्षं झाली, आता काय सुधारणार!

त्याचा मामा म्हणजे माझा थोरला भाऊ, अण्णा. तरुणपणी साबणाच्या कारखान्यात केमिस्ट म्हणून केनियातल्या नकुरू गावी गेला आणि तिथलाच होऊन राहिला. वहिनी गेली, मूलबाळ नाही. कोविडमधून तो वाचला होता, पण जुन्या दम्याने फुप्फुसं पार थकली होती. डॉक्टर म्हणाले होते, आठवडा, फार तर दहा दिवस. म्हणून ही धावपळ.

आरोग्य-फॉर्म ऑनलाइन भरायचा होता आणि ती वेबसाइट माझ्या हाताला काही केल्या दाद देईना. अण्णा म्हणाला, मी भरतो इथून. नाकात ऑक्सिजनची नळी घातलेल्या माणसाने हे करायचं का? पण माझा शाळेचा फॉर्म, कॉलेजचा फॉर्म, टायपिंगच्या परीक्षेचा फॉर्म, सगळे त्यानेच भरलेले. मी भरू दिला. त्याने पाठवल्यावर आमच्याकडच्या ओक ट्री रोडवरच्या दुकानातून प्रिंट काढून आणली आणि नाव नीट वाचलं. सुमन गजानन टेंबे. वाचून छान वाटलं. कागद फायलीत ठेवला.

विमानात तोंडावर दोन मास्क, वर प्लास्टिकचा पडदा. शेजारचे गृहस्थ दोनदा खोकले आणि आसपासच्या चार रांगांतल्या माना वळल्या. बिचारे घाबरून पुढचे सगळे तास पाणीच पीत राहिले. मधे एक विमान बदललं. नैरोबीला उतरले तेव्हा दुपारचा एक वाजला होता. आफ्रिका म्हणजे घामाच्या धारा अशी माझी समजूत, आणि इथे आपल्या पाचगणीसारखी गार हवा. जमिनीवर पिवळे पट्टे आखलेले, पट्ट्यावर एकेकाने उभं राहायचं, कपाळाला तापमापी, मग काचेआडच्या अधिकाऱ्यापुढे कागद. रात्री आठपासून संचारबंदी. नकुरू तीन-चार तासांवर. मी मनात हिशेब केला, सहापर्यंत अण्णाजवळ.

काचेआडच्या बाईंनी माझा पासपोर्ट आणि फॉर्म यंत्राखाली धरले. यंत्र लाल झालं.

त्यांनी पासपोर्ट बघितला, फॉर्म बघितला, पुन्हा पासपोर्ट बघितला. पासपोर्टवर आणि कोविडच्या रिपोर्टवर नाव होतं अनुराधा श्रीधर परचुरे. मग कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अण्णाने माझं माहेरचं नाव घातलं होतं. आणि मी शहाणी, ते वाचूनही मला चूक दिसली नव्हती, कारण ते माझंच नाव होतं.

मला बाजूच्या बाकावर बसवलं. नवा फॉर्म लगेच भरते म्हटलं, तर तो प्रवासाला निघण्याआधीच भरलेला लागतो. खोटे कागद घेऊन येणाऱ्यांमुळे नियम कडक झाले होते. खुलासा झाला नाही तर सरकारी विलगीकरण, चौदा दिवस. अण्णाकडे दहाच होते! दोन वाजले, तीन वाजले. बाकावर बसून मी आधी वेबसाइटला शिव्या दिल्या, मग अण्णाला, मग स्वतःला, आणि शेवटी रडले. मास्कच्या आत रडणं फार वाईट. नाक पुसायचीही सोय नाही.

अखेर त्याच बाईंनी मला बोलावलं. छातीवर नावाची पट्टी होती, अकिन्यी. मी सगळं सांगितलं. आमच्याकडे लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलत. माझं सासूबाईंनी ठरवलं होतं. ताटात तांदूळ पसरून त्यात नवऱ्याने अंगठीने नवं नाव लिहिलं.

"आणि जुनं?" त्यांनी विचारलं.

"ते कोणी विचारलंच नाही."

त्या म्हणाल्या, "मी सकाळी जन्मले म्हणून अकिन्यी. नवऱ्याच्या घरी गेल्यावर माझी सकाळ कशी बदलेल?"

फॉर्मवर अण्णाचा नंबर होता. त्यांनी तो फिरवला आणि फोन स्पीकरवर टाकला. मला बोटाने गप्प राहायची खूण केली. पलीकडून अण्णाचा आवाज आला, प्रत्येक शब्दामागे धाप. कोण येतंय म्हणून विचारलं तर इंग्रजीत म्हणाला, माझी धाकटी बहीण, सुमन. जन्मतारीख घडाघडा सांगितली. ओळखायची काही खूण? तो हसला, त्याला ठसका लागला. "डाव्या भुवईत व्रण आहे. मीच विटी मारली होती. ती आईला म्हणाली, दारावर आपटले."

अकिन्यीबाई काचेला नाक लावून बघू लागल्या. मास्क आणि चष्मा यांतून माझा जेवढा चेहरा उरला होता, त्यात ती भुवई नेमकी होती. फॉर्मवर त्यांनी माझी दोन्ही नावं हाताने लिहिली, खाली लिहिलं, 'ही एकच व्यक्ती आहे', आणि शिक्का मारला. कागद देताना म्हणाल्या, "चूक झाली हे त्याला कळू दिलेलं नाही." मी काचेलाच हात जोडले.

बाहेर अण्णाचा ड्रायव्हर पीटर तीन तास ताटकळला होता. मला बघून "पोले, मामा" (वाईट वाटलं, आई) म्हणाला आणि गाडी हाणलीच. चार वाजून गेले होते. घाटमाथ्यावरून केनियाची ती प्रसिद्ध दरी दिसली, एवढी मोठी, की तळातले डोंगर उंबरठ्याएवढे वाटत होते. थांब म्हणायचा धीर झाला नाही. ट्रकांची रांग लागली तिथे एका बाईकडून पीटरने खिडकीतूनच भाजलेली कणसं घेतली, तिखटमीठ आणि लिंबू चोळलेली. अगदी आपली चव. नैवाशाच्या पुढे रस्त्यालगत झेब्रे चरत होते, तेही मी घड्याळात डोकं घालूनच पाहिले. गिलगिलला पोलिसांनी अडवलं. त्यांनी "बराकोआ" (मास्क) नीट वर घ्यायला लावला आणि कागद मागितले. तो शिक्का बघून सोडलं. नकुरूला पोचलो तेव्हा आठाला वीस मिनिटं कमी होती.

अण्णा उशांना टेकून बसला होता. अर्धा झाला होता.

"आलीस का गं, सुमे? फॉर्म चालला ना?"

"चालला. एकही चूक नव्हती," मी म्हटलं.

त्याने मान हलवली, जणू दुसरं काही होणं शक्यच नव्हतं.

नऊ दिवस मिळाले. मी त्याला भाताची पेज भरवली, त्याने माझी विटीबद्दल एकदाची माफी मागितली. दहाव्या दिवशी सकाळी गेला. अंत्यविधीला नियमाने पंधरा माणसं चालली असती. आम्ही सहाच होतो. पीटरने खांदा दिला.

परतीच्या चाचणीचा फॉर्म मी स्वतः भरला. एकेक अक्षर तपासून, पासपोर्टवरच्या नावाने. नुअर्क विमानतळावर अधिकाऱ्याने पासपोर्ट बघितला, वेलकम होम म्हणाला आणि दोन मिनिटांत सोडलं. कुठेच काही अडलं नाही. त्याचंच मला रडू आलं.

पुढच्या आठवड्यात ओक ट्री रोडवर गेले, मिठाईच्या दुकानात. अण्णाच्या तेराव्यासाठी पेढे हवे होते. आत एका वेळी चारच गिऱ्हाइकं, बाकीच्यांनी फुटपाथवर अंतर ठेवून उभं राहायचं. दारातल्या बाईने यादीत लिहायला नाव विचारलं, आणि माझ्या तोंडून गेलं, सुमन.

थोड्या वेळाने तिने हाक मारली. कोणी हललं नाही. पुन्हा मारली. मी मागे वळून पाहिलं, ही सुमन कोण, जात का नाही लवकर. तिसऱ्या हाकेला माझा हात भुवईकडे गेला.

"आले हं," मी म्हटलं आणि आत गेले.