भिंतीवरची अर्धी ओळ

चाळकरी मंडळी, हा फळा सभेच्या सूचनांसाठी आहे, ठाऊक आहे. पण आज माझं डोकं फिरलंय. मी दुसऱ्या माळ्यावरची, सुमीची आई.

पुस्तक काढलं की सुमीच्या पोटात दुखतं. धपाटे झाले, गूळ-शेंगदाणे झाले. एकदा भिंतीवरचं ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र’ घडाघडा वाचलंन म्हणून मी हुरळले, तर ते मोर्च्यात ऐकून पाठ झालेलं!

आज सकाळी मात्र नळावर रांगेत असताना सुमीला भिंतीवर नवी ओळ दिसली. कुणी न सांगता बोट फिरवत वाचायला लागली, "सभेला येताना भाकरी बांधून आणा, कारण..."

तेवढ्यात पाणी आलं. हंडा घरी ठेवून परत धावली, तर चाळ कमिटीने पोलिसांच्या भीतीने भिंतीला चुना फासलेला!

दिवसभर एकच, "आई, कारण काय?"

मी म्हटलं, "भूक लागते म्हणून."

"तू नको सांगू. तिथे काय लिहिलेलं?"

कमिटीवाल्यांनो, आता हिला काय दाखवू?

ज्याने ती ओळ लिहिली, त्याने घरी येऊन मला कारण सांगू नये. चुना वाळलाय. भिंतीवर लिहावं.