चौघींची एक बॅग

असे किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. मैत्रिणी चहाला बसल्या की ते आपोआप साठतात. पण आमच्या एका बॅगेने जेवढे किस्से दिले, तेवढे आमच्या चार संसारांनी मिळूनही दिले नसतील!

चौघी म्हणजे उल्हासनगरची कविता, अंबरनाथची शुभांगी, बदलापूरची ज्योती आणि हेंद्रेपाड्याची मी. "सोन्यापेक्षा डिझायनर बॅग घ्या, भाव चढतच जातो," असं कविताच्या दुबईच्या मावशीने सांगितलं. झालं! आम्ही भिशीचे पैसे एकत्र केले आणि परदेशी कंपनीची, दुधावरच्या सायीच्या रंगाची एक पर्स घेतली. नियम एकच. प्रत्येकीकडे ती पाळीपाळीने राहील, पण वापरायची कोणीच नाही. इन्व्हेस्टमेंट आहे ना!

*

पहिली पाळी कविताची. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये खाली जीन्सचा कारखाना आणि वर घर. दिवाळीत तिच्या सासूबाईंनी बॅग थेट लक्ष्मीशेजारी पाटावर ठेवली आणि कुंकवाची वाटी हातात घेतली.

कविता किंचाळली, "मम्मी, टीका मत लगाना! दाम गिर जाएगा!"

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "लक्ष्मी घर में आई है, और तू उसका दाम पूछती है?"

कुंकू लागलं, पण नशीब, बॅग ज्यात गुंडाळली होती त्या कापडी पिशवीला!

*

मग ती शुभांगीकडे गेली. दमट हवेत चामड्याला बुरशी धरते, हे तिने कुठेतरी वाचलं होतं. तिने लगेच बेडरूममध्ये एसी बसवून घेतला.

तिचा नवरा केमिकल कंपनीत ऑफिसर. बिचारा म्हणाला, "दर उन्हाळ्यात मी एसी मागायचो, तेव्हा तू पंखा पुरे म्हणायचीस!"

"तुला पुरतो रे. तिला नाही पुरत!"

*

माझ्याकडे आली तेव्हा मी दुपारी कामं आवरून ती मांडीवर घेऊन सोफ्यावर बसायचे. पडदे वाऱ्याने हलायचे. डोळे मिटले की वाटायचं, आपण विमानात आहोत आणि खाली ढग पसरलेत. मी अजून विमानात बसलेले नाही.

एकदा हे मध्येच घरी आले. "कुठे निघालीस?"

पकडली गेले! म्हटलं, "कुठे नाही. बसलेय नुसती."

त्यांनी माझ्या मांडीवरची बॅग बघितली. मग चपला काढून हळूच शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "खिडकीची जागा मला दे."

*

शेवटची पाळी ज्योतीची. तेव्हा भाव खरंच चढला होता आणि विकायचं ठरलं होतं. सगळ्यात घाई कविताला, कारण तिला स्वतःचं भरतकामाचं मशीन घ्यायचं होतं. गिऱ्हाईकही तिनेच शोधलं.

तो यायच्या दिवशी कविताच्या घरी ज्योतीने बॅग टीपॉयवर ठेवली आणि खाली मान घालून म्हणाली, "एक सांगायचंय. मी आईला दिली होती. एक दिवस."

ज्योतीची आई बारवी धरणाजवळच्या पाड्यावर राहते, भातशेती करते. भाचीच्या लग्नाला जाताना तिने बॅग हातात अडकवली आणि धरणाच्या कडेकडेने चालत गेली. वाटेत बायकांनी विचारलं, "त्यात काय हाय गो?"

आई म्हणाली, "अजून काय नाय ठेवला. ठेवन्यासारखा मिलू दे."

संध्याकाळी परत आली ती एकटीच हसत. बॅग ज्योतीच्या हातात देऊन म्हणाली, "घे. ठेवलाय."

ज्योतीने उघडून बघितलं. "आई, यात तर काहीच नाही!"

"बंद कर आधी," आई घाबरून म्हणाली, "ठेवलाय ता उडून जाल ना!"

एवढं सांगून ज्योतीने टीपॉयवरची बॅग कविताकडे सरकवली. तेवढ्यात बेल वाजली. गिऱ्हाईक आत आला, बसला, त्याने बॅग सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिली. खूश झाला. मग त्याने उघडायला हात घातला.

कविताने पटकन त्याच्या हातावर हात ठेवला.

"भैया, खोलना मत!"

"मॅडम, अंदर से देखे बिना कैसे लूँ?"

"तो मत लो," कविता म्हणाली.